रहिवासाचा पुरावा

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक रकाना आहे:
त्या वर्षी तुम्ही तिथे राहत होता, याचा पुरावा जोडा.
विजेचं बिल चालेल. पाण्याचं चालेल. घरपट्टी चालेल.

अर्लीन बिट्सिली चष्मा कपाळावर सारते
आणि चॅप्टर हाउसच्या घडीच्या टेबलापलीकडून
म्हाताऱ्या हास्के मेनीगोट्सला दिने भाषेत विचारते,
मामा, छप्पन साली तुमच्याकडे वीज होती?
तो हसतो. हसताना त्याला खोकला येतो.
खोकला ओसरेपर्यंत आम्ही सगळे छताकडे बघतो.

वीज आली सत्त्याण्णवला.
पाणी अजून यायचंय. ते पिकअपच्या मागे
निळ्या पिंपातून येतं, बारा मैल, दर शनिवारी.

म्हणून मंगळवारी रात्री आम्ही पुरावे शोधतो.
चौघी जणी, मधेच कागद खाणारं झेरॉक्स मशीन
आणि मटणाच्या रश्शाचं पातेलं.
कुणी बाप्तिस्म्याचं पत्र आणतं:
नाव नावाहो, स्पेलिंग मिशनऱ्याचं.
कुणी मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुडवल्याची नोंद:
मेंढ्या एकशे चार. माणसं लिहिलेली नाहीत.
केल्सीच्या आजीनं गहाणाची चिठ्ठी काढली,
ट्रेडिंग पोस्ट, ऑक्टोबर सत्तावन्न,
चांदीचं कडं, फिरोजा पाच, सात डॉलर.
कडं कधी सुटलं नाही.
चिठ्ठी पिठाच्या डब्यात राहिली.
अर्लीननं ती दिव्याखाली धरली, पीठ फुंकलं,
म्हणाली, बाई, हा तुझा रहिवास.

माझ्या वडिलांचा पुरावा सगळ्यांत भक्कम होता.
खाणीतून रविवारी दगड आणून त्यांनी घर बांधलं.
सुबक दगड, सुरुंगानं आयते फुटलेले, फुकट.
त्या भिंतीला पाठ लावून मी पाढे शिकले.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणे.
आमचे वासे बिचारे पाइनचे, शेवटपर्यंत सरळ.
फिरल्या त्या भिंती.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, यंत्र धरलं,
यंत्र तडतडलं, तव्यावर मक्याचे दाणे पडावेत तसं.
तीन दिवसांत घर ट्रकमध्ये भरून नेलं,
अंगणातली फूटभर मातीसुद्धा.
पावती दिली नाही.
आता फॉर्म विचारतो, घर कुठे होतं?

आणि त्या डोंगरातून जे निघालं,
पिवळं, पिठासारखं,
त्याच्या वह्या आहेत. कुठल्या गिरणीत गेलं,
कुठल्या कारखान्यात, कुठल्या बॉम्बच्या पोटात,
ग्रॅमपर्यंत हिशेब.
तो बॉम्ब अजून एका कोठारात पडून असेल.
त्याला पत्ता आहे, पहारेकरी आहे,
रात्रभर दिवा आहे.
माझ्या बापाला, रकान्यात, काहीच नाही.

हास्केमामाकडेही काही सापडलं नाही.
दोन मंगळवार आला नाही. आम्ही समजलो, खोकला.
तिसऱ्या मंगळवारी आला, टोपी हातात, जरा खजील.
त्यानं मेंढ्यांच्या वाड्याच्या कुसवातला एक दगड
ताटपुसण्यात गुंडाळून, खोक्यात घालून, सुतळी बांधून
शिपरॉकच्या टपाल कचेरीत नेला होता.
वॉशिंग्टनला पाठवायचा म्हणाला. पुरावा.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, आत काय आहे?
मामानं खरं सांगितलं.

अर्लीन त्याला इतकं बोलली, इतकं बोलली,
की रश्शावर साय धरली.
दगड कुठे आहे? पोरं होती का जवळ? हात धुतलेस?
मग पाणी प्यायली. मग हात पुढे केला.
त्यानं टोपीच्या अस्तरातून चिठ्ठी काढली:
मामाचं नाव. गावाचं नाव. तारीख, गोल शिक्का.
स्वीकारता येत नाही. धोकादायक.

मशीननं पहिली प्रत खाल्ली.
दुसरी आम्ही जोडली.