एक साल उशिरा

पाइन दर साली फांद्यांचं एकच कडं धरतो.
दोरावरून चढताना इर्मेलीच्या पायाला
वर्षं लागायची.

कोरडा उन्हाळा तो लगेच कबूल करत नाही;
पुढच्या साली शेंडा आखूड निघतो.
यावरच तिचा प्रबंध,
करड्या पुठ्ठ्याचा, चहाचा डाग पडलेला.

एरो गेला त्या सालच्या वहीत
आकडे सरळ, ओळी भरलेल्या.
पुढच्या वहीत
सातव्या झाडाची उंची दोनदा,
आठव्याची नाहीच.

आता गुडघे नाही म्हणतात.
वरून ओस्कारी ओरडतो,
वारा निम्मा आकडा नेतो.
"पुन्हा सांग."
अठरा सेंटिमीटर.
ती लिहून घेते.

लॅपलंडमध्ये रात्रीचे अकरा.
शेंड्यावर अजून ऊन आहे,
खाली तिला स्वेटर लागतो.