नाकाला चिमटा

वसमतच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं
मी हळदीची हर्राशी पुकारली.
ढिगाजवळ उभं राहायचं,
आडत्याची भुवई, खरेदीदाराचं बोट,
आठ हजार एक, आठ हजार शंभर, दीडशे,
एक बार, दो बार,
आणि तीन म्हणेपर्यंत श्वास घ्यायचा नाही.
घेतला की त्या फटीतून भाव पडतो.

आता भाव सोडा.
"सूनबाई, थोडं पाणी दे" याचे तीन तुकडे होतात.
पहिल्या तुकड्यालाच ती तांब्या आणते,
उरलेले दोन मी पाण्यासंगं गिळतो.

नांदेडला केंद्रे मॅडमनी
फोटो खिडकीकडं धरला.
हळद बसली का आत, मी विचारलं.
"धूळ ती धूळ, बाबा. गेलं ते गेलं.
फुप्फुस आहे एवढंच राहणार.
पण ते बिचारं स्वतः हलत नसतं,
त्याला ओढणारा गडी वेगळा."
आणि बरगडीखाली तळहात दाबून,
"हा इथं. आडवा, पडद्यासारखा.
ह्याला कामाला लावू."

चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं
की माझ्या आत एक सालगडी आडवा पडलाय,
विनापगारी,
झोपेतसुद्धा हजर.

मग हातात दिली वीतभर नळी.
आत स्प्रिंग, स्प्रिंगपुढं झडप,
बाजूला आकडे, बुडाला फिरकी.
नाकाला चिमटा, ओठ घट्ट,
ओढा.
बंद शटरला तोंड लावून
दुकानदाराला हाक मारावी तसं.
झडप ढिम्म.
"जोर लावा. सोपं गेलं तर उपयोग नाही."

सकाळी तीस, सांजच्याला तीस.
नात वेदिका मोजते.
सोळा, सतरा, सतरा, सतरा,
"आबा, झडप वाजली नाही, धरणार नाही."
हिला मोंढ्यात न्यायला पाहिजे होतं,
काटा मारणारे सरळ झाले असते.

पहिल्या आठवड्यात बरगड्यांच्या मधलं मांस
असं दुखलं
की मला लिंबाजी हमाल आठवला.
नवा होता तेव्हा पन्नास किलोच्या पोत्याखाली
गुडघ्यावर आला होता, सगळे हसले, मीही.
दिवाळीपर्यंत पाठीवर पोतं घेऊन
बिडी पेटवायचा.
पोतं तेवढंच होतं.

मला नळी सोपी जाऊ लागली
तर मॅडमनी फिरकी अर्धा आटा पुढं नेली.
पुन्हा शटर बंद.
असं चार वेळा.

एक दिवस बँकेत गेलो, वरच्या मजल्यावर,
पासबुक भरून घेतलं, शिक्का नीट उमटला नाही म्हणून भांडलो,
खाली आलो, चप्पल घातली,
आणि तेव्हा ध्यानात आलं,
जिन्यात मी थांबलोच नव्हतो.
कठड्याला हातही लावला नव्हता.
परत वर जाऊन बघावं वाटलं.
गेलो नाही, कॅशियर काय म्हणला असता.

मग आखाजीला भाचीचं लग्न लागलं.
हळद, मांडव, पाहुणे, परतावण,
तीन आठवडे नळी फडताळात.
काढून ओढली तर
आकडा दोन घरं खाली.
गड्याला उपकाराची आठवण नसते,
काम दिलं तेवढ्या दिवसांचाच तो.
फुप्फुस तर आहे तेच होतं,
फोटोत, पाकिटात, खुंटीला.

आता मोंढ्यात पोरगं माईकवर पुकारतं.
मधे पान खातं, खोकतं, फोन घेतं,
भाव काही पडत नाही.
मी बघून आलो.

काल सांजच्याला अठ्ठावीस झाले होते.
नाकाचा चिमटा तसाच,
गेंगाण्या आवाजात मी सुरू केलं,
आठ हजार एक, आठ हजार शंभर, दीडशे, दोनशे,
बोला शेठ, माल चकचकीत,
सव्वादोनशे, अडीचशे, एक बार,
दो बार...

बरगड्या ताणून धरलेल्या,
पडदा खाली, खाली,
तीनचा त ओठांच्या आत तयार,
आणि मी श्वास घेतला.

वेदिकानं माझ्याकडं बघितलं.
"अठ्ठावीस," ती म्हणाली.
"ते धरलं नाही, आबा.
अजून दोन राहिलेत."