रूळ, तुकडा एक

सांवेर रोडला जोएबभाईंच्या वखारीत
काट्यामागच्या स्टुलावर बसून
एकोणीस वर्षं मी भंगाराच्या पावत्या फाडतो.
लोखंड म्हणजे काही एक लोखंड नव्हे.

बीड घणाखाली चटकन फुटतं,
आतून दाणेदार, फोडल्या ढेपेसारखं.
पोलाद वाकतं,
आणि वाकताना घणालाच उलटून बोलतं.
लेथवरचा कीस कुरळा, तेलकट, बोटं कापणारा;
मांगीबाई त्याला जिलेबी म्हणते
आणि अर्ध्या भावात तोलते.
दाबून केलेले डब्यांचे ठोकळे येतात,
त्यांच्या पोटात कधी धोंडा, कधी ओली माती.
ट्रकच्या कमानीची पाती मात्र भट्टीपर्यंत पोचत नाहीत,
गाडोलिया लोहार आधीच उचलतात,
विळे करतात.

मांगीबाईच्या काठीच्या टोकाला चुंबक आहे,
कुठल्याशा फुटक्या स्पीकरमधलं.
चिकटलं ते आपलं.

परवा टेम्पोतून खिडक्यांचे गज आले,
बाकांच्या चौकटी, पंख्यांचे आकडे,
आणि सगळ्याच्या खाली
हातभर रूळ. टोकाला भोक, भोकात अजून तार.
कुठली शाळा, मी विचारलं नाही.
ठोके पडून पडून झालेला खळगा
डाव्या अंगाला होता.
आमचा यादोराव शिपाई डावखुरा.

चुंबक लावलं. चिकटलं.
‘भारी माल,’ मांगीबाई म्हणाली.
अकरा किलो चारशे.

मी पाना उचलून एकदाच मारला.
कुणी वर पाहिलं नाही,
गॅसकटरवाला आपल्या निळ्या ज्योतीवर वाकलेला.
चहाचा पोरगा तेवढा थबकला, ‘कंई हुयो, बाबूजी?’
तेव्हा कळलं, मी उभा आहे,
हात जोडलेले नाहीत इतकंच.

पावतीवर लिहिलं : रूळ, तुकडा एक.
जोएबभाईंनी रूळ खोडून पटरी केलं.

शुक्रवारी जालन्याची गाडी भरली.
तिकडच्या भट्ट्या आमचं सगळं खातात
आणि सळया ओकतात.
आमचे खापरपणजोबा तिकडूनच आले म्हणतात,
गाव कुठलं, ते आता कुणालाच सांगता येत नाही.
ताडपत्रीखाली रूळ निघाला,
त्याला कुणी काही विचारणार नाही.

तार मी काढून घेतली.
तांब्याची आहे.
पोलादात तांबं गेलं तर माल बिघडतो,
असं जोएबभाईंना सांगितलं,
आणि ते खरंही आहे.