पंचनाम्याबाहेर

पंचनाम्यात मी लिहिलं ते एवढंच:
धातूचं कडं एक, व्यास अंदाजे दहा फूट,
गट नंबर एकशे बारा, धुऱ्यापासून सात पावलं,
रात्री पावणेआठच्या सुमारास, आभाळातून.
'आभाळातून' भोवती साहेबांनी पेनानं गोल काढला,
मग म्हणाले, राहू द्या, पोलीस पाटील.

आधी लाल रेघा दिसल्या, सात-आठ,
एकीमागं एक, घाई नसल्यासारख्या.
पोट्टे ओरडले, मिसाईल! चीननं सोडली!
बाया लेकरं घेऊन समाजमंदिरात शिरल्या,
एक म्हातारी तेवढी उलट धावली,
अंगणातली मोहफुलं झाकायची राहिली होती.

जवळ पहिला गेला तो सोमाजी खाती.
बोटाच्या गाठीनं वाजवून पाह्यलं.
"लोखंड नोहे हे.
बंडीच्या चाकाले धाव म्हणून बसवाव म्हटलं
तं येवढं चाक कोनाचं?"

चीन पाहिलेला गावात एकच माणूस.
बकाराम नन्नावरेला खाटेसकट आणलं.
बासष्टला थ्री नॉट थ्री आणि कापडी जोडे घेऊन
बर्फात गेला होता तो.
त्रेसष्टच्या उन्हाळ्यात परत आला
तेव्हा इकडं त्याचं तेरावं उरकलं होतं.

"तोफेचा गोळा सांगून येते," तो म्हणाला, "शिट्टी वाजवत.
मॉर्टर सांगत नाही.
आमचा हवालदार चहा ओतत होता.
चहा राह्यला."

शेंड्यांचा पोरगा इंजिनिअरिंगला, सुट्टीत आलेला,
त्यानं समजावलं:
आबाजी, हे उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचं.
टोकावर बॉम्ब बसवला की तीच मिसाईल.
त्यांच्या एका मिसाईलचं नाव तुंगफंग,
म्हणजे पूर्वेचा वारा.
बकारामनं विचार केला.
"पूर्वेचा वारा ढग आनते.
ढगानं धानाले तुडतुडा लागते.
नाव बराबर ठेवलं."

मध्यरात्री होमगार्ड घोरत होता.
कड्याजवळ मी, आणि खाटेवर तो.
हात पुढं करून म्हणाला, "हुओ."
मी म्हटलं, काय?
"काडी दे वं, माय."

मग सांगितलं. साठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
तिकडं कैदेत पहारेकरी होता, ओठावर लव नसलेला,
खांद्यावर कोरी रायफल,
आपोआप गोळी भरणारी.
"सिगरेट त्यानंच देल्ली.
मी बोटाची काडी करून दाखवली.
त्यानं वाऱ्याआड ओंजळ केली, पेटवली,
म्हने, हुओ.
मी म्हटलं, इस्तो.
त्याले जमेच ना. इस. तो. इस. तो.
रोज शिकवलं मी त्याले."

एकदा कोळशानं भिंतीवर त्यानं बाण काढला,
बाणाला बांधलेली कागदाची नळी,
नळीत दारू, मागं ठिणग्या.
कोण्या जुन्या राजाच्या वेळची.
"हुओ-जिएन म्हने. हुओ म्हंजे इस्तो,
जिएन म्हंजे बाण."
अग्निबाण, मी म्हटलं.
आमच्या शाळेच्या पुस्तकात
रॉकेटला हाच शब्द होता.

म्हाताऱ्याची बिडी हातातच विझली.
"हाच?"
हाच.
"म्हंजे तिकडं बी तेच, इकडं बी तेच."
कड्यावर त्यानं तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
ते केव्हाच गार झालं होतं.

सकाळी ट्रॅक्टर आला, साखळ्या आल्या, दोन चॅनेलवाले आले.
बकाराम साक्षीदार म्हणून सही करायला बसला,
एक-एक अक्षर, मात्रा शेवटी.
मालकाचं नाव, हा रकाना कोराच होता.
साहेबांनी विचारलं, आबा, काही सांगायचंय?

तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला,
"तो पोट्टा आता ऐंशीच्या वर असन.
त्याले इस्तो म्हनता येत असन का वं अजून?"