साठ घरं

गुन्वोरच्या टेबलावर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी,
तिच्यावर पांढऱ्या रेघांची साठ घरं,
सोंगट्यांच्या पटासारखी,
फक्त सोंगटी म्हणजे मोहरी फोडली
तर उडेल त्या चुऱ्याएवढी.

बाहेर बर्गनचं बंदर. फेरीचा भोंगा.
फ्योर्डच्या तळाचा चिखल काल रात्रीच
धुऊन, चाळून, वाळवून ठेवलेला.
तीन शून्यांचा ब्रश ती ओठांवर ओला करते
(करू नये, असं भिंतीवर लिहिलंय)
आणि निवडायला बसते.

एकतीस वर्षं निवडतेय.
तांदळातून खडे काढावेत तसं नाही;
इथे सगळे खडेच,
त्यातले कुणाचं तरी घर असलेले तेवढे वेचायचे.
चिनी मातीसारखे गुळगुळीत, अपारदर्शक: वरची ओळ.
काचेचे, सुईच्या टोकाने टोचल्यासारखे: मधली.
समुद्रातली वाळू उचलून, चिकटवून
ज्यांनी भिंती घातल्या: खाली.
डावीकडे वळलेले वेगळे, उजवीकडे वळलेले वेगळे.
आणि सत्तेचाळिसाव्या घरात
ज्यांचं काही कळत नाही ते.

एके काळी शहाण्या माणसांनी ह्यांना
मोठमोठ्या शंखांच्या पंगतीत बसवलं होतं.
मग कुणीतरी जिवंत एक पाहिला:
शंखात प्राणीबिणी नाही,
एक थेंब, आणि थेंबाला फुटलेले धागे.
पंगत उठली.

एस्किल वरच्या मजल्यावरून कागद घेऊन येतो.
जनुकं म्हणतात, हे दोघे शेजारी, पण सख्खे नव्हेत.
अकरा नंबरची आणि चाळीस नंबरचा,
ज्यांचं तोंडही सारखं नाही,
ती भावंडं.
गुन्वोर पेन्सिलीला टोक काढते.
जुन्या नावावर एकच रेघ मारते,
खालचं वाचता येईल इतकी हलकी.

फ्रिजमधल्या काचेच्या वाटीत मात्र एक जिवंत आहे.
वाळूने बांधणाऱ्यांपैकी.
डोकं नाही, डोळा नाही,
आणि तरी पांढरा कण सोडतो, काळा घेतो,
पुन्हा पांढरा सोडतो.
एवढ्याशा थेंबाला नको म्हणायला
कुणी शिकवलं असेल?

आज त्याने नवी खोली बांधलेली दिसली.
भिंतीत काळे कण, काळे कण,
आणि आडवा, नीट बसवलेला
एक लाल तंतू.
लोकरीचा.

गुन्वोरने भिंग बाजूला केलं.
स्वेटरच्या उजव्या बाहीकडे पाहिलं.
पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"आता ह्याला कुठल्या घरात टाकायचं?" एस्किलने विचारलं.
"मेल्यावर बघू," ती म्हणाली,
आणि वाटीतलं पाणी बदललं.

सत्तेचाळीस आज रिकामं आहे.
बाही उसवत चाललीय;
ती शिवायला घेत नाही.