देठ

सिव्हिलच्या थिएटरात एकतीस वर्षं
मी गॉजचे तुकडे मोजले, सुया मोजून परत घेतल्या.
गावाच्या नावाचा विचार कधी केला नव्हता,
गयाबाई खैरनार येईपर्यंत.

दिंडोरीकडची. चाळिशीची. पदर नाकावर,
म्हणजे नाक जिथे असायचं तिथे.
"विळा घरचाच होता." एवढंच बोलली.
'इजेचे कारण' या रकान्यात
भावाने लिहून टाकलं होतं : पडून.

पंचवटीत रिक्षावाले दाखवतात ती जागा,
एका बाईचं नाक कापलं ती.
लोक हात जोडतात, फोटो काढतात,
पुढच्या कुंडाकडे वळतात.
मग तिचं ते नाक कुणी शिवलं का,
असं माझ्या ऐकण्यात तरी कुणी विचारलं नाही.

डॉक्टर केदारींनी टाक्यांच्या पाकिटाचं
चंदेरी आवरण कात्रीने कापलं,
गयाबाईच्या कपाळावर उलटं ठेवलं,
कडेकडेने निळ्या शाईची रेघ.
"सिस्टर, पूर्वी इथे झाडाचं पान ठेवायचे.
मग मेण. आता हे."
मास्कच्या आतून एवढाच इतिहास.

बाकीचा मी रात्रपाळीत जुळवला.
पान ठेवणारा कोण, आणि
पानाखाली निजलेली ती कोण?
तिला मद्य पाजलं असेल, चौघांनी दाबून धरलं असेल.
भूल यायला अजून दोन हजारांवर वर्षं होती,
जखम का चिघळते ते कळायलाही तेवढीच.
आणि तरी कातडी जगायची.
बापाने मुलाला दाखवायचं, मुलाने त्याच्या मुलाला,
ज्यांच्या बोटांना माती कळते अशांच्या घरात.
मग कुण्या साहेबाने ते बघितलं,
त्याचं चित्र झालं, चित्र बोटीत बसून गेलं,
आणि आमच्या डॉक्टरांकडे
इंग्रजी पुस्तकातून घरी आलं.

कपाळाची कातडी पूर्ण तोडायची नाही.
भुवईपाशी देठ राखायचा, त्यातून रक्त येतं.
पिळून खाली वळवायची, शिवायची,
आणि तीन आठवडे थांबायचं.
हे मी समजावत होते, तर भाऊ म्हणाला,
"म्हंजी कलमच की.
रानटी खुंटावर आम्ही द्राक्षाची काडी बांधतो.
पट्टी लवकर सोडली, की गेली काडी."
डॉक्टर हसले नाहीत.
"पुढच्या पेशंटला असंच सांगा," म्हणाले.

दर दोन तासांनी मी बोट दाबून बघायचे,
पांढरं होतं, मग गुलाबी परत येतं का.
वॉर्डातली पोरं सोंड म्हणायची. ती ऐकून घ्यायची.
दुसऱ्या आठवड्यात, दुपारी,
तिच्या नव्या नाकावर माशी बसली.
गयाबाईने चापट मारली
कपाळावर.
माशी होती तिथेच.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो,
मग आधी ती हसली, टाके सांभाळत.
कातडीला अजून
जुनाच पत्ता पाठ होता.

देठ कापला त्या दिवशी पाऊस नव्हता, काही नव्हतं,
लिफ्ट बंद होती, स्ट्रेचर जिन्याने आणलं.

सात महिन्यांनी आली, ऑक्टोबर छाटणी उरकून.
नाक थोडं जाड, एका बाजूला कललेलं,
शेंड्यावर कपाळाचा एक केस उगवलेला.
"तुमच्या फिनेलचा वास येतो बया," म्हणाली,
आणि पदर खांद्यावरच राहिला.

मग खालच्या पोलीस चौकीत मला सोबत नेलं.
हवालदार डबा खात होता.
"पुरवणी जबाब लिहून घ्या."
त्याने हात पुसले, वही उघडली, विचारलं, कोणी?

तिने नवऱ्याचं नाव घेतलं.
उखाण्याशिवाय. सगळं.
बापाच्या नावासकट, आडनावासकट,
आणि त्याने लिहिताना वेलांटी चुकवली
तर थांबवून, दुरुस्त करून.