मधला थर

वडगावात खाली यंत्रमाग, वर पतसंस्था,
आणि पतसंस्थेच्या सर्व्हरखाली दुमडलेला पुठ्ठा,
मागांची थरथर त्याला लागू नये म्हणून.

विरुपाक्ष कुडचीनं लिहिलेलं सगळं.
तो हुबळीला गेला, पुढं कुठं ते ठाऊक नाही.
त्यानं घेतलेली लायब्ररी मात्र इथंच राहिली,
प्रोग्रॅमचं म्हणणं डेटाबेसला सांगत,
डेटाबेसचं प्रोग्रॅमला.
तिच्या कर्त्यांनी तिला टाकून नऊ वर्षं झाली.
नवा सर्व्हर दाखवला की अडून बसते,
आणि शिमग्यापासून पासबुकावर
बाळाप्पा छापायला सांगावं तर
‘बा?ाप्पा’ येतं.
बाळाप्पा कौंटरवर वाकून म्हणाले,
“माझ्या पोटातलं काय खाल्लं हो ह्येनं?”

चेअरमन म्हणतात, बदल की मग, त्यात काय.
त्यात तीनशे बारा फायली.

एक पाहिली, मोठी, देखणी.
भाड्यानं राहायला येऊन
पहिल्याच दिवशी भिंती पाडायला निघालेली.
टेबलं तिच्याच पद्धतीची हवीत.
दुसरी हलकी, तीन दिवसांत हाताशी आली,
पण व्यवहार अर्ध्यात तुटला तर
पैसे ह्या खात्यात की त्या खात्यात
विचारून बघा. गप्प.
बाळगोंडा म्हणतो, कुणीच नको मध्ये.
दुभाषी कशाला, आपल्याला दोन्ही येतंय की.
येतंय खरं. तो कानडीत भांडतो,
मी मराठीत हिशेब करते, जमतं आमचं.
पण तेच वाक्य तीनशे बारा वेळा लिहायचं,
आणि दोनशेव्या वेळी माझी झोप लागणार.

मग एका फायलीत सापडलं:
‘गंगव्वा. हात लावू नका.’
खाली सात ओळी, कुठल्याच नियमात न बसणाऱ्या.
खाती दोन. गंगूबाई सुतगट्टी, मराठीत.
गंगव्वा, कानडीत.
अंगठा एकच.
विरुपाक्षनं मधल्या थरात चोरवाट खणून
दोघींची शिल्लक एका कागदावर आणली होती.
सोळा वर्षं ऑडिटलाही वास नाही.

मोठीला हे घालून पाहिलं.
ती म्हणाली, किल्ली एकच असते.
खरं नाव कुठलं?

गेले विचारायला, अनगोळच्या गल्लीत.
कांड्या भरत बसलेल्या.
“मावशी, नाव कसं लिहू?”
चरखा थांबला नाही.
“हाक कोण मारतंय त्यावर हाय की.
ह्येनी मारायचे एक. रेशनवाला मारतोय दुसरी.
मी दोन्हीला ओ देतो.”
मग, बऱ्याच वेळानं, “चा घेतीस?”

शेवटी चौथी घेतली.
दिसायला साधी, कागदपत्रं कंटाळवाणी,
पण विचारलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर येतं,
आणि मागच्या बाजूला एक दार ठेवलंय तिनं,
हातानं लिहिलेल्या ओळींसाठी.
बाळगोंडा अजून नाक मुरडतो.

काल रात्री पहिली फाईल बदलली.
पेठेतली वीज गेलेली, माग बंद,
यूपीएसवर आम्ही दोघं आणि प्रिंटर.
इतकं शांत की पिन ऐकू आली
ळ काढताना, पहिलं वळण,
मग दुसरं.
बाळाप्पा, पोटासकट.

तीनशे अकरा राहिल्या.
गंगव्वाची शेवटी करीन.